आईचा खोकला, बीपीची गोळी आणि ब्रॅडिकायनिन: बारीक रक्तवाहिन्या सैल कशा पडतात?

निरगुडी | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. हा विषय दरवर्षी फळ्यावर काढते, यंदा तो घरात आला म्हणून इथे लिहितेय.

आई गावी भावाकडे असते. श्रावणात तिला कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, धाप नाही. "घशात कुणीतरी मक्याच्या कणसाचे केस फिरवतंय गं," असं फोनवर म्हणायची. रात्री दोनला उठून बसायची. आलं-मध झालं, ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला, तीन बाटल्या सिरप झालं, छातीचा फोटो झाला. फोटो स्वच्छ. दिवाळीत गेले तेव्हा फडताळातला तिचा गोळ्यांचा डबा उघडला आणि स्ट्रिपवरचं नाव वाचलं: रॅमिप्रिल. बीपी वाढलं म्हणून आषाढात सुरू झालेली गोळी. सिरप लिहून देणाऱ्यांपैकी एकानंही तिला "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारलं नव्हतं. तिच्या बीपीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. तीनेक आठवड्यांत खोकला गेला.

या खोकल्यामागे मुख्यतः एक एवढीशी साखळी आहे. नऊ अमिनो आम्लांची. नाव ब्रॅडिकायनिन. ही कुठल्या ग्रंथीतून येत नाही. आपल्याच रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनातून गरज पडेल तिथे कापून काढली जाते, जवळपास काम करते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मोडली जाते. तिचं मोठं काम म्हणजे बारीक रक्तवाहिन्या सैल करणं. हे ती कसं करते, ते मला आजही थक्क करतं.

रक्तवाहिनी डोळ्यासमोर आणा. हृदयातून निघालेल्या धमनीला फाटे फुटत जातात आणि शेवटचे फाटे केसाएवढे किंवा त्याहूनही बारीक होतात. त्या धमनिका. आतल्या बाजूला, रक्ताला लागून, एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. त्याच्या बाहेरून अनैच्छिक स्नायूंची वेटोळी. स्नायू आवळले की वाहिनी अरुंद, सैल पडले की रुंद.

आता कुणालाही वाटेल की रुंद करणारं हार्मोन जाऊन स्नायूला सैल करत असेल. ब्रॅडिकायनिन स्नायूपर्यंत जातच नाही. माझ्या आजोळच्या वाड्याला देवडी होती. बाहेरचा माणूस थेट माजघरात शिरत नसे. निरोप देवडीवर सांगायचा, तिथला माणूस तो आत पोचवायचा. इथे अस्तर म्हणजे देवडी. अस्तराच्या पेशीवर बी-२ नावाचा रिसेप्टर असतो, पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर ओवलेलं प्रथिन. ब्रॅडिकायनिन त्याला बाहेरून चिकटतं, रिसेप्टर किंचित आकार बदलतो, आतल्या बाजूला टेकलेलं, निरोप पुढे नेणारं जी-प्रोटीन जागं होतं आणि पेशीच्या कोठारातलं कॅल्शियम मोकळं होतं. त्या कॅल्शियममुळे एक एन्झाइम चालू होतं आणि आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागतं.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू. त्याला दार लागत नाही. पडद्यातून तो सरळ शेजारच्या स्नायूच्या पेशीत झिरपतो, तिथे सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढवतो आणि स्नायू सैल पडतो.

म्हणजे हार्मोनने स्नायूला एक शब्द सांगितला नाही. सांगितलं ते अस्तराला. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे: रुंद करण्याची ताकद त्या नऊ दाण्यांच्या माळेत नाही. ती माळ कुणाच्या दारात पोचते आणि त्या दाराआड काय मांडून ठेवलंय, त्यावर सगळं ठरतं.

आता आईची गोळी. ब्रॅडिकायनिनला मोडणारं मुख्य एन्झाइम म्हणजे एसीई. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर ते भरपूर असतं. हेच एन्झाइम अँजिओटेन्सिन-१ चं अँजिओटेन्सिन-२ करतं, आणि ते वाहिन्या आवळणारं. एकच कात्री: आवळणाऱ्याला धार लावते आणि सैल करणाऱ्याचे तुकडे करते. नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या गोळ्या ही कात्री बंद करतात. बीपी उतरतं. पण ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेच्या आसपासही साचतं, तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांना चाळवतं, आणि काहींना खोकला लागतो. "सार्टन" गोळ्या कात्रीला हात लावत नाहीत, त्या अँजिओटेन्सिन-२ चा रिसेप्टरच अडवतात.

कृपया हे वाचून कुणीही आपली गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रिल ही फार मोलाची औषधं आहेत, हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठीही. खोकला असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

---

दशमान | रविवार, रात्री १०:०२

उत्तम लेख. भौतिकशास्त्राच्या बाजूने एक भर. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा प्वाझयचा नियम. त्रिज्या फक्त २० टक्क्यांनी वाढली तर १.२ चा चौथा घात, म्हणजे २.०७. दाब तोच असेल तर प्रवाह दुपटीच्या वर. त्रिज्या अर्धी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा. रक्त साध्या पाण्यासारखं वाहत नाही, त्यामुळे शरीरात हे आकडे तंतोतंत लागू पडणार नाहीत, पण धमनिकांचा एवढासा बदल बीपीवर एवढा परिणाम का करतो, ते यावरून कळावं.

---

कोवळंऊन | रविवार, रात्री १०:४५

ताई, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गोंधळ आहे. आम्हाला शिकवलंय की पेशीत कॅल्शियम वाढलं की स्नायू आकुंचन पावतो. बीपीला ॲम्लोडिपिन देतात ते कॅल्शियम आत येऊ नये म्हणूनच ना? मग ब्रॅडिकायनिन कॅल्शियम वाढवून वाहिनी सैल कशी करतं? हे उलट नाही का?

---

निरगुडी | सोमवार, सकाळी ६:५०

कोवळंऊन, हा प्रश्न परीक्षेत विचारावा असा आहे. कॅल्शियम वाढतं कुठे, ते बघ.

स्नायूच्या पेशीत वाढलं तर ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, दोघं मिळून मायोसिनला फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमला चालू करतात आणि स्नायू आवळतो. अस्तराच्या पेशीतही ते कॅल्मोड्युलिनलाच धरतं. पण अस्तराच्या पेशीत आवळायला स्नायूची वेटोळी नाहीत, तिथे बसलंय नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम. कॅल्शियम तेच, कॅल्मोड्युलिन तेच. पेशी बदलली आणि अर्थ नेमका उलटा झाला.

हे उमगायला जगाला १९८० उजाडावं लागलं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. ॲसिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारं एक रसायन, घातलं की पट्टी आवळायची. जिवंत शरीरात मात्र ॲसिटिलकोलीनने वाहिन्या सैल पडतात हे सगळ्यांना माहीत होतं. हा तिढा वर्षानुवर्षं तसाच होता. मग त्यांच्या लक्षात आलं की पट्टी कापताना आतली बाजू घासली जाते आणि अस्तर निघून जातं. अस्तर सांभाळून कापलं तर तीच धमनी सैल पडत होती!

पुढचा प्रयोग तर मला फारच आवडतो. अस्तर नसलेली एक पट्टी घेतली, तिच्यावर अस्तर असलेली दुसरी पट्टी आतली बाजू टेकवून ठेवली, आणि ॲसिटिलकोलीन घातलं. अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून पलीकडे जात होतं. ते नायट्रिक ऑक्साइड आहे, हे पुढच्या काही वर्षांत ठरलं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आठव. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइडच देते. देवडीवर कुणी नसलं तरी निरोप थेट माजघरात.

अजून एक. वाहिनी जितकी बारीक, तितका नायट्रिक ऑक्साइडचा वाटा कमी होत जातो आणि दुसरी युक्ती पुढे येते. अस्तराच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीचा विद्युतभार जास्त ऋण होतो, आणि हा बदल अस्तर व स्नायू यांना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून स्नायूत उतरतो. मग स्नायूतली कॅल्शियमची दारं मिटतात. मोठ्या धमन्यांच्या अभ्यासावरून बारीक वाहिन्यांबद्दल बोलताना हे विसरलं जातं. तुमच्या पुस्तकात एका ओळीत असेल, पण ती ओळ अधोरेखित कर.

---

घाटमाथा | सोमवार, दुपारी १:१५

मी कोकणात साप पकडून जंगलात सोडण्याचं काम करतो. ब्रॅडिकायनिनचा सापाशी संबंध आहे असं एका शिबिरात ऐकलं होतं, नीट कळलं नव्हतं. सांगाल का? आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावर प्राझोसिन देतात, तेही रक्तवाहिन्या सैल करणारंच ना? तोच रस्ता का?

---

निरगुडी | सोमवार, रात्री ८:३०

आधी विंचू. तो रस्ता वेगळा. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो, ती स्नायूवरच्या अल्फा रिसेप्टरला चिकटून वाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन तो अल्फा रिसेप्टर अडवतं. म्हणजे सैल करणारा निरोप न देता, आवळणारा निरोप थांबवायचा. बावस्करांनी हे महाडच्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांवर उपचार करता करता दाखवलं आणि लॅन्सेटमध्ये मांडलं. कोकणात त्यामुळे किती घरं वाचली असतील! त्यांचं नाव इथे निघालं, बरं वाटलं.

आता साप. साओ पावलो, ब्राझील, १९४८. मॉरिसियो रोचा ई सिल्वा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताओ रोझेनफेल्ड हे जराराका सापाच्या विषावर काम करत होते. जराराका तुमच्याकडच्या चापड्याच्या गटातला, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असलेला. कुत्र्याच्या रक्तद्रवात हे विष मिसळलं तर त्यात असं काहीतरी तयार व्हायचं, की गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा हळूहळू आवळायचा. हळू म्हणजे ग्रीकमध्ये ब्रॅडिस, हालचाल म्हणजे किनेइन. नाव पडलं ब्रॅडिकायनिन. तेच रसायन रक्तवाहिन्या सैल करून बीपी पाडत होतं. बघा, आतडं आवळतंय आणि वाहिनी सैल पडतेय, एकाच साखळीने. दोन्हीकडे दाराआडची व्यवस्था वेगळी.

नीट लक्षात घ्या, ब्रॅडिकायनिन विषात नव्हतं. विषाने ते रक्तातूनच कापून काढलं होतं. आणि विष एवढ्यावर थांबत नाही. रोचा ई सिल्वांचे विद्यार्थी सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं की त्याच विषात आणखी काही पेप्टाइड्स (अमिनो आम्लांच्या अशाच छोट्या साखळ्या) असतात, जी ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवतात, कारण ती त्याला मोडू देत नाहीत. सापाने आधी सैल करणारं रसायन तयार करवायचं, मग त्याला मोडणारी कात्री बांधून ठेवायची. भक्ष्याचं बीपी कोसळतं.

फेरेरा ते विषाचं सत्त्व घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे ते एसीईवर लावून पाहणाऱ्या संशोधकाचं आडनाव वाचून मी थांबलेच: वाय. एस. बखले. त्यांनी दाखवलं की हे सत्त्व एसीईलाही अडवतं. पुढे अमेरिकेत स्क्विब कंपनीत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी विषातल्या पेप्टाइडवरून टेप्रोटाइड केलं, पण ते पोटात पचून जायचं म्हणून फक्त टोचूनच देता यायचं. मग त्यांनी एसीईच्या गाभ्यातल्या जस्ताच्या अणूला पकडेल असा लहानसा रेणू घडवला. कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आईच्या डब्यातलं रॅमिप्रिल त्याच घराण्यातलं.

---

सागरगोटा | सोमवार, रात्री ११:२०

मी शारजात असतो. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भावाचे ओठ आणि जीभ अचानक सुजली. तो चार वर्षांपासून एनालाप्रिल घेत होता. ॲलर्जी म्हणून इंजेक्शनं दिली, काही फरक पडला नाही, श्वास अडकायला लागला तेव्हा नळी घालावी लागली. सुदैवाने वाचला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी गोळीचं कारण सांगितलं. तेव्हापासून मनात आहे की चार वर्षं काही झालं नाही आणि मग एकदम कसं?

---

निरगुडी | मंगळवार, सकाळी ७:०५

सागरगोटा, वाचून अंगावर काटा आला. भाऊ सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

हो, वर्षानुवर्षं गोळी सोसते आणि मग एखाद्या दिवशी असं होतं. कमी जणांना होतं, पण होतं. ब्रॅडिकायनिन धमनिका सैल करतं तसंच पुढच्या बारीक शिरांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये फटी पाडतं. धमनिका सैल झाल्याने केशवाहिन्यांत दाब वाढलेला, त्यात पुढे फटी. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर पाझरतात. ओठ, जीभ, घसा इथली ऊती सैलसर, तिथे सूज लगेच दिसते. ॲलर्जीची सूज हिस्टामिनची असते, ही ब्रॅडिकायनिनची. म्हणून हिस्टामिन अडवणारं औषध इथे कामाला येत नाही. रिसेप्टरच वेगळा.

सगळ्यांसाठी: प्रिल गोळी चालू असताना ओठ, जीभ, चेहरा सुजला तर वाट बघू नका, ताबडतोब दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा. ज्याला एकदा असं झालं त्याला पुन्हा प्रिल द्यायची नसते. भावाच्या पाकिटात तशी चिठ्ठी असू द्या.

---

मोरपीस | मंगळवार, दुपारी ३:४०

मला अर्धशिशी आहे, वयाच्या सोळाव्या वर्षापासून. डोक्याची डावी बाजू ठणकायला लागली की खोलीत अंधार करून पडून राहते, पंख्याचा आवाजही सहन होत नाही. डॉक्टर नव्या औषधांबद्दल बोलताना "सीजीआरपी" म्हणाले. तेही पेप्टाइड आहे ना? तेही रक्तवाहिन्या रुंद करतं का, आणि म्हणून डोकं दुखतं का?

---

निरगुडी | मंगळवार, रात्री ९:३०

मोरपीस, ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे ते, आणि वाहिन्या रुंद करणाऱ्या ज्ञात पदार्थांत अत्यंत जोरकस. १९८५ मध्ये लंडनच्या सुसान ब्रेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाच्या कातडीत त्याचा नाममात्र अंश टोचला तरी तासन् तास लाली राहते.

पण त्याची वाट बघा. ब्रॅडिकायनिन रक्ताच्या बाजूने देवडीवर येतं. सीजीआरपी येतं परसदारातून. वाहिनीच्या बाहेरच्या अंगाने बारीक मज्जातंतू गेलेले असतात, त्यांच्या टोकांतून ते सुटतं आणि बहुतेक ठिकाणी थेट स्नायूवरच्या रिसेप्टरला भेटतं. हा रिसेप्टर दोन तुकड्यांचा आहे. एक तुकडा पडद्यातून सात वेळा ओवलेला, दुसरा एकदाच, त्याचं नाव रॅम्प-१. जोडीदार बदलून रॅम्प-२ आला तर तोच पहिला तुकडा ॲड्रेनोमेड्युलिन नावाच्या दुसऱ्याच पेप्टाइडचं ऐकायला लागतो! हे १९९८ मध्ये कळलं. स्नायूत पुढे सायक्लिक एएमपी वाढतं, पोटॅशियमची दारं उघडतात, स्नायू सैल.

याचा अनुभव स्वयंपाकघरात सगळ्यांना आहे. लवंगी मिरचीचा ठेचा वाटल्यावर बोटं चुरचुरतात आणि लालबुंद होतात. मिरचीतलं कॅप्सायसिन तंतूच्या टोकाला चेतवतं, आग लागल्याचा निरोप मेंदूकडे जातो आणि त्याच टोकातून सीजीआरपी बाहेर सुटतं. आग मज्जातंतूची, लाली सीजीआरपीची.

अर्धशिशीत हेच मेंदूभोवतीच्या आवरणात होतं. गोड्सबी आणि एड्विन्सन यांनी १९९० मध्ये झटका चालू असताना मानेच्या शिरेतल्या रक्तात सीजीआरपी वाढलेलं दाखवलं. पुढे ते शिरेतून दिल्यावर अर्धशिशी असणाऱ्यांना झटका येतो हेही दिसलं. मात्र वाहिनी रुंदावली म्हणून डोकं दुखलं, इतकं सरळ ते नाही. ज्यांना अर्धशिशी नाही त्यांच्याही वाहिन्या रुंदावतात, पण त्यांना क्वचितच तसा झटका येतो. वेदनेचे तंतू किती हळवे झालेत हा मोठा भाग आहे.

औषधांत एरेनुमॅब रिसेप्टर झाकतं. फ्रेमनेझुमॅब आणि गॅल्कनेझुमॅब पेप्टाइडलाच वाटेत धरतात. तिन्ही २०१८ मध्ये अमेरिकेत आली. जेपंट गटातल्या गोळ्याही आहेत. तुम्हाला कोणतं लागू पडेल ते न्यूरॉलॉजिस्टच सांगतील. झटके कधी येतात, किती वेळ टिकतात याची वही ठेवून ती दाखवायला न्या, फार उपयोग होतो.

---

पळसफुल | बुधवार, सकाळी ११:००

निरगुडीताई, या मज्जातंतूवाल्या लालीशी माझी जुनी ओळख आहे. मी विदर्भात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. चट्टा कुष्ठाचा आहे का याची शंका असली, आणि लहान मुलाला "इथे कळतं का?" विचारून नीट उत्तर मिळत नसलं, तर आम्ही हिस्टामिनची चाचणी करायचो. चट्ट्यावर एक थेंब, शेजारच्या चांगल्या कातडीवर एक थेंब, दोन्हींतून सुईने हलकं टोचायचं. चांगल्या कातडीवर लाल ठिपका, फुगवटा आणि भोवती पसरणारी लाली उठायची. चट्ट्यावर ठिपका आणि फुगवटा यायचा, पण ती पसरणारी लाली यायची नाही. एकदा एक सहा-सात वर्षांची पोर माझ्या मांडीवर बसून दोन्ही ठिपके बघत होती आणि म्हणाली, "काका, हे फूल उमललं, ते नाही उमललं." तिचे उपचार पूर्ण झाले, हाताची बोटं सरळ राहिली. लाली का उठत नाही, तर तंतू मेलेत, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. त्या तंतूंतून काय सुटतं ते आज कळलं.

---

निरगुडी | बुधवार, रात्री ८:१५

पळसफुलकाका, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

ज्यांना बघायचंय त्यांनी हाताच्या आतल्या बाजूला पेनाच्या टोपणाने एक रेघ ओढा, कातडी सोलू नका. आधी तांबडी रेघ. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणारी लाली. जोरात ओढली असेल तर रेघ फुगते. लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात या तीन पायऱ्या नीट मांडल्या. मधली पायरी मज्जातंतूची: निरोप एका फांदीतून आत जातो आणि कण्यापर्यंत न जाता शेजारच्या फांदीतून कातडीकडे परत येतो, तिथे सीजीआरपी आणि सबस्टन्स पी सुटतात, धमनिका सैल पडतात. सबस्टन्स पी ११ अमिनो आम्लांचं, १९३१ मध्ये सापडलं.

---

नमुनाबाटली | गुरुवार, सकाळी १०:२०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. धाप लागणाऱ्या पेशंटची एनटी-प्रोबीएनपी टेस्ट आमच्याकडे रोज येते. बीएनपीही रक्तवाहिन्या रुंद करणारं पेप्टाइडच ना? त्यावर लिहा ना. आणि सॅक्युबिट्रिल चालू असलेल्यांचं बीएनपी न बघता एनटी-प्रोबीएनपीच बघा असं कार्डिओलॉजिस्ट का सांगतात?

---

निरगुडी | गुरुवार, रात्री ९:५०

हृदय हा नुसता पंप नाही, ते हार्मोनही सोडतं. हे १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो दी बोल्ड यांनी दाखवलं. उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांची लघवी आणि लघवीतलं मीठ एकदम वाढलं, बीपीही उतरलं. त्या पेप्टाइडला आज एएनपी म्हणतात, २८ अमिनो आम्लांचं. बीएनपी ३२ चं. कप्पा ताणला गेला की ती सुटतात. विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात तासभर उभं राहिलं की लघवीला लागतं, त्याचं एक कारण हेच: पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीत येतं आणि वरचे कप्पे ताणतात.

यांचा रिसेप्टर तिसऱ्याच जातीचा. जी-प्रोटीन नाही, निरोप्या नाही. बाहेरचं टोक पेप्टाइड धरतं आणि त्याच प्रथिनाचं आतलं टोक स्वतः एन्झाइम असतं, ते थेट सायक्लिक जीएमपी बनवतं. नायट्रिक ऑक्साइड ज्या मुक्कामाला पोचतो, तिथेच हे दुसऱ्या वाटेने येतं. याच घराण्यातलं सीएनपी तर अस्तरातूनच सुटतं आणि केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट पेशींना सैल करतं. केशवाहिन्यांना स्नायू नसतो, म्हणून तिथे याला महत्त्व.

तुमचा प्रश्न. १०८ अमिनो आम्लांच्या प्रोबीएनपीचे दोन तुकडे होतात: ३२ चं कामाचं बीएनपी आणि ७६ चा उरलेला एनटी-प्रोबीएनपी. सॅक्युबिट्रिल हे हृदय कमजोर झालेल्यांना देतात ते औषध, नेप्रिलायसिन एन्झाइमला अडवतं. ते एन्झाइम बीएनपीला मोडतं, पण उरलेल्या तुकड्याला मोडत नाही. त्यामुळे औषध चालू असताना बीएनपी औषधानेच वाढलेलं असू शकतं. तुकडा मात्र हृदयावरच्या ताणाचं खरं सांगतो.

आणि सागरगोटांच्या भावाची गोष्ट इथे पुन्हा येते. नेप्रिलायसिन ब्रॅडिकायनिनलाही मोडतं. दोन्ही कात्र्या एकदम बंद केल्या तर सूज येण्याचा धोका वाढतो. ओमापॅट्रिलाट नावाचं दोन्ही अडवणारं औषध त्याच कारणाने मागे पडलं. म्हणून प्रिल बंद केल्यावर ३६ तास गेल्याशिवाय सॅक्युबिट्रिल सुरू करत नाहीत.

---

शेंदरीसांज | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

ताई, वय ६१, मधुमेह चौदा वर्षं. तुम्ही सांगितलं तशी टोपणाने रेघ ओढून पाहिली. हातावर लाली छान पसरली, दोन बोटं रुंद. मग घोट्याच्या वर ओढली. तिथे रेघ आली, लाली नाही. तीनदा पाहिलं. काळजी करण्यासारखं आहे का?

---

निरगुडी | शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

काका, आधी पायावर रेघा ओढणं थांबवा, मधुमेहात पायाला ओरखडा नको. पायावर ही लाली निरोगी माणसालाही कमी उठते, त्यामुळे यावरून काहीच ठरत नाही. पण मधुमेहात बारीक तंतू आधी दुखावतात आणि त्यांच्याबरोबर ही लाली घटते हेही खरं. तुमच्या डॉक्टरांना मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, पाय तपासायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. शेवटचे पाय कधी तपासले होते?

---

शेंदरीसांज | शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

कधीच नाही. साखर दर तीन महिन्यांनी बघतात, पाय कुणी बघितले नाहीत.

---

शेंदरीसांज | मंगळवार, दुपारी १२:४५

जाऊन आलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या दोऱ्याने दहा ठिकाणी टेकवलं. उजव्या पायाला सगळीकडे कळलं. डाव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला कळलं नाही. रोज रात्री तळपाय आरशात बघायला सांगितलंय, अनवाणी फिरणं बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. येताना मऊ तळाच्या चपला घेतल्या.